शेरा : खरपा एक

सरकारी कागदाचा कोणताही रकाना रिकामा सोडू नये, हे वाक्य मी एकतीस वर्षांच्या नोकरीत निदान चाळीस हजार माणसांना ऐकवलं असेल. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार. त्यातून उद्या कोण काय आत घुसवेल, सांगता येत नाही. लिहायला काही नसेल तर 'निरंक' लिहा, पण लिहा. लोक वैतागायचे, काही जण जिन्यात जाऊन मला शिव्या द्यायचे (जिना माझ्या टेबलामागेच होता), पण लिहायचे. या एका तत्त्वावर मी हेड क्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोचून निवृत्त झालो, आणि याच तत्त्वापायी गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, स्वतःच्याच अंगणातल्या हौदाच्या तोंडात कमरेपाशी अडकून बसलो. मधला भाग सांगतो.

आमच्या मैत्रीनगरात नळाला पाणी नवव्या दिवशी येतं. परभणीत नवा माणूस भेटला की तो घर किती खोल्यांचं म्हणून विचारत नाही, हौद किती लिटरचा म्हणून विचारतो. आमचा सात हजारांचा. दहा फूट लांब, पाच रुंद, पाच खोल, जमिनीत, वर दीड फुटाचं चौकोनी तोंड आणि लोखंडी झाकण. पंचवीस वर्षांत एक चीर नाही. तो माझ्या वडिलांनी बांधला. तात्याराव गवंडी म्हटलं तर चुडाव्यापासून परभणीपर्यंतची जुनी माणसं अजून ओळखतात. लहानपणी या माणसाला पाणी मिळायचं ते दुसऱ्यानं वरून ओंजळीत ओतलं तेवढंच. त्यानं पोराच्या अंगणात सात हजार लिटरचा हौद बांधला आणि तो पहिल्यांदा भरला त्या दिवशी सकाळपासून काठावर बसून राहिला. जेवायलासुद्धा उठला नाही. त्यानंतर तात्यांनी थापी खाली ठेवली ती ठेवलीच. आमच्या घरात हौदाबद्दल वाकडा शब्द कुणी काढत नाही, तो याच कारणानं.

माझ्याबद्दल मात्र तात्या वाकडे शब्द पुष्कळ काढतात. "दिसभर काय करतो रे तू?" ते विचारायचे. मी म्हणायचो, लिहितो. "मंग संध्याकाळी दिसतं का काय झालेलं?" यावर मला कधी उत्तर सुचलेलं नाही. गवंड्याला संध्याकाळी भिंत दिसते.

तर सुरुवात बादलीतल्या एका अळीनं झाली. माझी बायको बबिता बालवाडीत शिकवते, त्यामुळे तिची नजर बारीक आणि आवाज मोठा आहे.

"अहो, हे बगा. वळवळायलंय!"

बघितलं. एक नव्हे, वीसेक होत्या. झाकण उघडून आत पाहिलं तर सगळी शाळा भरली होती.

"मागल्या साली गल्लीत चार जनाला डेंग्यू झाला," बबिता म्हणाली. "एक तर अळ्या जातील न्हाईतर हौद जाईल. समदे गच्चीवर काळ्या टाक्या बसवायलेत. तात्यांना काय सांगायचं ते तुमी सांगा."

दोन्हींपैकी काहीही तात्यांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती. तेव्हा अळ्या जाणं भाग होतं.

बुधवारी वॉर्डाच्या आरोग्य ऑफिसातून राजेश्री आली. दर आठवड्याला हौद, ड्रम, कूलर तपासत फिरणारी ही पोरगी फार गुणी. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दहा गप्पी मासे आणून हौदात सोडले आणि म्हणाली, "काका, आता फिकीर करू नका."

फिकीर मी करणारच नव्हतो, पण शेजारी दिनकरराव आहेत. दिनकरराव निवृत्त विज्ञान शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांचं विज्ञान कुंपणावरून आमच्याकडे येतं. ते म्हणाले, "सिद्धोधनराव, मासे सोडले म्हणजे पाण्यात जंतू वाढणार. तुम्ही ब्लीचिंग टाका, दोन मुठी." त्यांच्या मुठी की माझ्या हे मी विचारायला हवं होतं. सकाळी दहाच्या दहा गप्पी पोट वर करून तरंगत होते आणि अळ्या मात्र स्वच्छ पाण्यात आणखी उठून दिसत होत्या. दिनकरराव म्हणाले, "प्रयोगात अपयश हाही निष्कर्षच असतो." निष्कर्ष मी चिमट्यानं उचलून परसात पुरला.

मग नाइलाजानं तात्यांना फोन केला. हौदाला काही झालं आहे असं न म्हणता, सहज, पावसापाण्याच्या बोलण्यात घातलं. तात्यांनी अर्ध्यात तोडलं.

"अळ्या झाल्या म्हन की सरळ. म्या तवाच सांगितलं व्हतं, हौद बांधला की मासा सोडायचा. इहीर असू का हौद असू, गवंड्यानं काम संपलं की एक खरपा सोडायचा आन् मंगच मजुरी घ्यायची. तू म्हनलास, पान्यात मासा नको, वास येतो. शिकलेला ना तू."

"आता कुठं मिळेल, तात्या?"

"नदी काय परभनीला ईल व्हय? तू ये."

खरपा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चिखलाच्या रंगाचा, बोटाएवढा, फार तर वीतभर होणारा मासा. डोळे टाळूवर. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्याची वाटी झालेली असते, ती टेकवून तो तळाशी नाही तर भिंतीला बसून राहतो. पोहण्याची हौस नाही. समोर आलेलं तेवढं गिळायचं आणि पुन्हा जागेवर. याच्या गोतातले काही समुद्रात राहतात, काही खाडीत, काही आमच्या पूर्णा नदीत, म्हणजे बदलीचं भय नाही. दिवसभर एका जागी बसून पुढ्यातलं काम संपवणारा हा प्राणी मला पहिल्या भेटीतच जवळचा वाटला, हे मी घरी बोललो नाही.

रविवारी चुडाव्याला गेलो. तात्यांचे जुने मित्र चंद्रभान भोई यांनी पहाटेच जाळं टाकून चार खरपे धरून ठेवले होते. तीन बोटाएवढे आणि एक तळहाताएवढा. दुधाच्या कॅनमध्ये नदीचं पाणी, त्यात चौघे, वर फडकं. तात्यांनी स्टेशनावर कॅन माझ्या हातात देताना एवढंच सांगितलं, "पानी हालतं ठेव."

पॅसेंजर वेळेवर निघाली आणि पिंगळीला येऊन थांबली. क्रॉसिंग होतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. डबा तापला. फडकं बाजूला करून पाहिलं तर मोठा खरपा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करत होता. मी तांब्या काढला, पाणी वर उचलून धारेनं परत ओतू लागलो. समोरचा पागोटेवाला म्हणाला, "दूध नासलं का?" मी म्हटलं मासे आहेत. झालं. अख्खा डबा गोळा झाला. एक म्हणाला मीठ टाका, एक म्हणाला बर्फ टाका, एका बाईनं मसाला कोणता घालायचा ते सांगायला सुरुवात केली. मी निवृत्त हेड क्लार्क आहे आणि हे मासे खाण्यासाठी नसून सार्वजनिक आरोग्यासाठी आहेत, असं मी स्पष्ट केलं. तेव्हा पागोटेवाल्यानं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा हात लिवायचा हाय. आना हिकडं." गाडी सुटेपर्यंत सात जणांनी पाळीपाळीनं पाणी ओतलं. त्यांचा मी आजन्म ऋणी आहे, जरी त्यातलं निम्मं पाणी माझ्या इस्त्रीच्या पँटवर पडलं.

परभणीला उतरून घरी कॅन उघडला. चुडाव्याला चार चढले होते, परभणीला एक उतरला. तो चढताना होता त्यापेक्षा चांगलाच जाड दिसत होता.

"बाकीचे?" बबितानं विचारलं.

"प्रवासात संपले," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

हौदात सोडला तसा तो गेला तो गेलाच. दोन दिवस शेपूटसुद्धा दिसलं नाही. बबिता म्हणाली मेला असेल, दिनकरराव म्हणाले विरघळला असेल. मला तात्यांची एक जुनी युक्ती आठवली. विहिरीच्या तळाचं काम बघायचं तर ते काठावर आरसा धरून ऊन आत पाडायचे. मी दाढीचा आरसा आणला, बाराचं ऊन तोंडातून आत वळवलं आणि उजेडाचा चौकोन सावकाश तळावरून फिरवला. कोपऱ्यात, भिंतीला वाटी टेकवून, साहेब बसलेले. आठव्या दिवशी हौदात एकही अळी उरली नाही. मी बबिताला पाच बादल्या काढून दाखवल्या. रात्री पोळीवर तूप जास्त होतं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण बुधवार आला, आणि राजेश्री फॉर्म घेऊन आली.

रकाना पाच : अळ्या आहेत काय? तिनं 'नाही' लिहिलं. रकाना सहा : गप्पी मासे आहेत काय?

"होय लिहिते, काका," ती म्हणाली.

"गप्पी कुठं आहेत?"

"मासा हाय ना. एकच झालं की."

"एक कसं झालं? गप्पी वेगळा, खरपा वेगळा. 'नाही' लिही."

तिनं 'नाही' लिहिलं. मग शेऱ्याचा रकाना तसाच सोडून फॉर्म घडी करायला लागली. माझ्या छातीत कळ आल्यासारखं झालं. मी तिच्या हातून फॉर्म घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'खरपा एक'. खाली सही केली, तारीख टाकली.

"काका, शेरा कुनी वाचत न्हाई," राजेश्री काकुळतीनं म्हणाली.

"म्हणूनच व्यवस्थित लिहायचा असतो," मी म्हणालो. ते वाक्य त्या क्षणी मला फार भारदस्त वाटलं होतं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, फाटकावर नोटीस. ऑफिसच्या नव्या नियमाप्रमाणे रकाना सहात 'नाही' आलं की रकाना सात आपोआप लागू होतो : उघडा वा जमिनीतला साठा सात दिवसांत रिकामा करून कायमचा बुजवावा, न केल्यास ऑफिसचा पंप येऊन रिकामा करील व मुरूम टाकील.

मी नोटीस दोनदा वाचली. मसुदा निर्दोष होता. मग मी पायरीवर बसलो. तात्यांचा हौद माझ्या सहीनं बुजवला जाणार होता.

वॉर्ड ऑफिसात पंडित नावाचे क्लार्क बसतात. चष्मा कपाळावर, पेन कानावर. मी सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म काढला, सही माझीच आहे ना विचारलं आणि म्हणाले, "यादीत गप्पी हाय. खरपा न्हाई."

"मग 'होय' करा."

"लिहिलेलं खोडता येत न्हाई साहेब. खाडाखोड चालत न्हाई."

हे वाक्य माझं होतं. टेबलाच्या या बाजूला उभं राहून ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ते इतकं कडू लागतं याची मला कल्पना नव्हती. मागे जिना आहे का हेही मी नकळत पाहून घेतलं.

"बरं, तो मासाच हाय कशावरून?" पंडित पुढे म्हणाले. "बेडूक असला तर? पाल असली तर? आनून दाखवा. मी लिहितो, 'समक्ष पाहिले'. मंग साहेबांना विचारू."

मागणी रास्त होती. मी त्यांच्या जागी असतो तर दोन प्रतींत मासा मागितला असता.

पुढचे चार दिवस त्या एका खरप्याला पकडण्यात गेले. पहिल्या दिवशी चाळणी. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी. डास खाणाऱ्याला मच्छरदाणीनं धरताना मलाच शरम वाटली. तिसऱ्या दिवशी दिनकररावांनी गळाला कणकेची गोळी लावून दिली आणि तीन तास कुंपणावर बसून माशांचं मानसशास्त्र समजावलं. गळ शेवटी त्यांच्याच धोतराला लागला. चौथ्या दिवशी नळ आला, हौद काठोकाठ भरत आला आणि तळ आणखी लांब गेला. खरपा आपला भिंतीला. सोमवारी रात्री बबिता म्हणाली, "मी तात्यांना फोन केलाय."

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. तुमच्या हौदाला नोटीस हाय म्हनून."

त्या रात्री मी जेवलो नाही.

मंगळवारी मुदत संपत होती. सकाळी निम्मा हौद पिंपांत, पातेल्यांत, शेजारपाजारच्या बादल्यांत उपसून ठेवला, बनियन आणि बरमुडा घातला आणि मी स्वतः हौदात उतरलो. पूर्वी दर साली साफसफाईला मीच उतरायचो. मधली दहा वर्षं उतरलो नव्हतो, पण आत जाताना काही अडचण आली नाही. वजन खाली जायला नेहमीच तयार असतं. पाणी मांडीपर्यंत. अर्धा तास मी वाकून अंधारात चाचपडत होतो. खरपा माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसला. वाकलो की डाव्या. शेवटी हरलो, आतल्या पायरीवर पाय ठेवला, हात वर काढले, डोकं काढलं, छाती काढली आणि पोटाशी आलो. तिथेच थांबलो. वरही होईना, खालीही होईना.

"अगं, साबण आण!" मी ओरडलो.

साबणाऐवजी फाटकातून वॉर्डाचे साहेब आले. आबासाहेब नावाचे, नव्यानं बदलून आलेले, पांढरी पँट. मागे फाइल घेऊन पंडित, त्यांच्या मागे राजेश्री रडवेल्या तोंडानं, आणि बाहेर पंप आणि मुरमाचा ट्रॅक्टर. कुंपणावर दिनकरराव होतेच. हळूहळू मैत्रीनगर जमलं.

जमिनीतून अर्धा वर आलेल्या माणसानं साहेबांचं स्वागत कसं करावं याचा कुठेही नियम नाही. मी हात जोडले. "या साहेब. बसा."

"हौदाचे मालक कुठं आहेत?" आबासाहेबांनी विचारलं.

"मीच."

"हौद कुठं आहे?"

"माझ्याखाली."

पंडितांनी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि लिहून घेतलं, "झाकण घट्ट बसलेलं हाय." मी त्यांना दोष देत नाही. समक्ष पाहिलं तेच त्यांनी लिहिलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि दोन्ही हातांत दोन डबे घेतलेले तात्या आत आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस पहाटेची पॅसेंजर धरून आला होता. त्यांनी पंप पाहिला, मुरूम पाहिला, मग मला पाहिलं. माझी मान खाली गेली, म्हणजे जेवढी जाऊ शकत होती तेवढी.

"सिद्धा, खाली व्हय," तात्या म्हणाले. "साहेबाला बघू दे." त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवून अलगद दाबलं. मोठा आवाज करत मी पुन्हा हौदात गेलो.

मग तात्यांचा आवाज वरून ऐकू आला. "बबिता, आरसा आन. साहेब, बुजवायचं तर बुजवा. पन आधी बगा. कुनाच्या घरी अळ्या हायत का हितं?"

राजेश्रीनं रजिस्टर चाळलं आणि हळूच म्हणाली, "दिनकर सरांच्या ड्रमचा रकाना रिकामा हाय. ते म्हनले व्हते, विज्ञान शिक्षकाच्या घरी तपासायची गरज न्हाई."

रिकामा रकाना म्हणजे उघडं दार. मी हौदात उभा होतो म्हणून मला कुणाचा चेहरा दिसला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

राजेश्री दिनकररावांच्या ड्रममधून पांढरा वाडगा भरून घेऊन आली. वळवळत होत्या, चाळीसेक. तात्यांनी आरसा धरला, उन्हाचा चौकोन माझ्या पायांशी पडला. वाडगा आत रिकामा झाला. आबासाहेबांनी पांढऱ्या पँटचे दोन्ही गुडघे ओल्या सिमेंटवर टेकले आणि तोंड आत घातलं.

क्षणभर काहीच झालं नाही. अळ्या उजेडात नाचत होत्या. माझ्या मनात आलं, आज याला भूक नसली तर? तात्यांचा आरसा धरलेला हात थरथरत होता, चौकोन थरथरत होता. आणि मग माझ्या अंगठ्यावरून तो सुटला.

"एक!" बालवाडीच्या आवाजात बबिता ओरडली.

"दोन!" राजेश्री.

"तीन! चार!" कुंपणापलीकडची पोरं, बाया, पंपावरची माणसं. गप् करून एक उचलायची, भिंतीला टेकायचं, पुन्हा सुटायचं. एकोणतीसला आबासाहेब स्वतः मोजायला लागले. अडतिसाव्या अळीनंतर पाणी स्वस्थ झालं. खरपा माझ्या पावलावर येऊन बसला, पुढ्यातलं काम संपलं म्हणून.

"समक्ष पाहिले," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला वाटला, पण तो हौदातल्या घुमण्यामुळेही असेल. "पंडित, हौद राहू द्या."

"राहू कसा द्यायचा, साहेब?" पंडितांचा प्रामाणिक आवाज आला. "सहात 'नाही' हाय. सात आपोआप लागतो. खोडता येत न्हाई."

बाहेर ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. आता जे करायचं ते फक्त एकाच माणसाला येत होतं आणि तो मांडीभर पाण्यात बरमुड्यावर उभा होता.

"पंडित, लिहा," मी खालून म्हणालो. हौदात माझा आवाज असा काही घुमला की मलाच दरारा वाटला. "काही खोडू नका. सहाच्या 'नाही'पुढे स्वल्पविराम द्या आणि लिहा : 'शेऱ्याप्रमाणे'. शेऱ्यात 'खरपा एक' आहे, त्याच्यापुढे लिहा : 'नग, कार्यरत. वरिष्ठांनी समक्ष पाहिले. अळी निरंक. सबब रकाना सातची कारवाई लागू होत नाही.' खाली साहेबांची सही, तारीख, वेळ."

वर पेन चालल्याचा आवाज आला. मग पंडितांचं डोकं तोंडातून आत आलं. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर ओढला. "सबब," ते म्हणाले. "साहेब, तुमी कोनत्या टेबलाला व्हता?"

आबासाहेबांनी सही केली. ट्रॅक्टर मुरमासकट वळला आणि मैत्रीनगरानं टाळ्या वाजवल्या. जाता जाता राजेश्रीनं दिनकररावांच्या ड्रमचा रकाना भरला. त्यांना तीन दिवसांची मुदत मिळाली.

राहिलो मी. साबण झाला, तेल झालं, पंपावरच्या दोघांनी हात धरून ओढून पाहिलं. पोट काही ऐकेना. तात्या उठले, माझ्या शेडमधून त्यांची जुनी छिन्नी आणि हातोडी घेऊन आले आणि हौदाच्या तोंडाशी बसले.

"तात्या, नको," मी म्हणालो. "पंचवीस वर्षांत एक चीर नाही."

"चूक माझीच हाय," ते म्हणाले. "तोंड तुझ्या मापानं केलं. तू वाढशील हे ध्यानात घ्याया पायजे व्हतं." आणि ज्या कडेला बोटं फिरवत ते दर भेटीत बसायचे, त्या कडेचा अर्धा फूट त्यांनी दहा-बारा घावांत उडवला. मी बाहेर आलो. ओला, खरचटलेला, अर्ध्या गावासमोर बरमुड्यावर. तात्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्या अंगावर टाकला.

"तात्या, माझ्यामुळं फुटला."

"गप. म्या बांधला तवा लोक म्हनले, चांगला बांधला. आज तू राखला. म्या बघितलं ना," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "लिवून बी दिसतं म्हनायचं संध्याकाळी काहीतरी."

एकतीस वर्षं अडलेलं उत्तर असं त्यांनीच देऊन टाकलं. मला रडू आलं. पंचा हाताशी होता.

दुपारी त्यांनी स्वतः माल कालवला. पंचवीस वर्षांनी थापी हातात घेतली आणि नवी कड अशी ओढली की हात थरथरतो हे कुणाला खरं वाटलं नसतं. कड ओली होती. तात्यांनी आयुष्यभर एवढं बांधलं, पण त्यांचं नाव कुठल्याच बांधकामावर नाही. हा रकाना इतकी वर्षं रिकामा राहिला आणि तो माझ्या नजरेतून सुटला, याचं मला नवल वाटलं. मी एक खिळा घेतला, गुडघ्यावर बसलो आणि ओल्या सिमेंटवर वळणदार अक्षरात लिहिलं :

बांधणार : तात्याराव गवंडी, मु. चुडावा
दुरुस्ती : तात्याराव गवंडी
शेरा : खरपा एक

तात्या वाकून वाचत राहिले. आपल्या नावावर त्यांनी बोट धरलं, टेकवलं नाही. पुष्कळ वेळ धरलं. मग त्यांना सकाळपासून सावलीत ठेवलेल्या दोन डब्यांची आठवण झाली. एका डब्यात एक खरपा, दुसऱ्यात एक, दोन्ही हौदातल्याच्याच मापाचे, एकमेकांना खाता येऊ नये असे. त्यांनी दोघांना हौदात सोडलं.

"एक काय लिवलास? तीन हायत," ते म्हणाले. "नीट लिही. क्लार्क ना तू?"

मी 'एक' खोडलं, पुढे 'तीन' लिहिलं आणि खाडाखोडीची जबाबदारी म्हणून बाजूला छोटी सही केली. बबिता झाकण घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे," तात्या काठावर मांडी घालून बसत म्हणाले. "वाळू दे आधी."